शून्याचं टोक

ह्या सदरात लोक जे लिहितात ते मी नेमाने वाचतो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसतो. कोणाला रानात चकवा लागला, कोणाच्या मावशीला तिन्हीसांजेला ओळखीची मेलेली बाई दिसली... मी धंद्याने आर्किटेक्ट. चाळीस वर्षं इमारती उभ्या केल्या. जे टेपने मोजता येत नाही त्यावर बोलण्यात वेळ घालवू नये, असं हाताखालच्या मुलांना सांगत आलो. अमावास्येला पाये खणून घेतलेत, साईटवर नारळ फोडायला लोकांचा आग्रह असायचा तेव्हा मी ऑफिसात बसून राहायचो. तेव्हा लिहिणारा माणूस भाबडा नाही, एवढं लक्षात असू द्या.

आणखी एक. हे वाचून माझ्याबद्दल तुमचं मत चांगलं होणार नाही. ते धरूनच लिहायला बसलोय.

मिठाच्या सत्याग्रहाला दीडेक वर्ष होऊन गेलं होतं. मी मुंबईत वास्तुकलेच्या शाळेत दुसऱ्या वर्षाला होतो. दर वर्षी दिवाळीनंतर आमची स्टडी टूर निघे. जुनी इमारत निवडायची, तिथे चार-सहा दिवस राहायचं, तिचा कण न् कण मोजायचा आणि परत येऊन मोठ्या कागदावर तिचं मेझर्ड ड्रॉइंग करायचं. त्या वर्षी चौबळ सरांनी रेवदंडा निवडलं. किल्ल्याच्या तटाच्या आत, नारळी-पोफळींच्या वाड्यांमध्ये पोर्तुगीजांच्या वेळच्या पडक्या इमारती उभ्या आहेत हे सगळ्यांना ठाऊकच आहे. आम्ही आठ विद्यार्थी. धक्क्यावरून लाँचने रेवस, तिथून अलिबाग, आणि अलिबागला सरांनी एक मोटार आठवड्यासाठी ठरवून घेतली. ड्रॉइंग बोर्ड, पेट्या, कंदील, सगळं लटांबर त्या मोटारीत. मोटार दिवसभर किल्ल्याच्या दरवाज्यापाशी उभी असायची आणि ड्रायव्हर तिच्या सावलीत झोपायचा. ही मोटार लक्षात ठेवा.

चौबळ सर विलायतेला शिकून आलेले. फार हुशार माणूस. दगडावर हात ठेवून कोणत्या खाणीतला ते सांगायचे. पण मुलांच्या बाबतीत... त्यांचा राग मोठ्या आवाजाचा नव्हता. हळू, गोड बोलून ते माणूस सोलून काढत. आम्ही सगळे त्यांना भिऊन होतो आणि त्यांनी आपल्याला जवळ करावं म्हणून काहीही करायला तयार होतो. त्या वर्षी मी जवळचा होतो.

आमच्यात हिराजी म्हात्रे नावाचा मुलगा होता. पेणकडच्या खाडीवर मिठागरात राबणाऱ्या घरातला. स्कॉलरशिपवर आलेला. हाताने कमान काढायचा ती कंपासने काढल्यासारखी. पहिल्या वर्षी हजेरी घेताना त्याच्या तोंडून "हाय सर" असं गेलं आणि अख्खा वर्ग हसला. त्यानंतर किती महिने त्याचं नावच "हाय-न्हाय" पडलं होतं. जिन्यात, कँटीनमध्ये, मागून कोणीतरी हाक मारायचं — हाय काय रे? न्हाय काय रे? मीही मारलीय. त्यावर त्याने एकच केलं. भाषा बदलली. "आहे", "नाही", "होय" — प्रत्येक शब्द जरा थांबून, खिळा ठोकावा तसा बोलायचा. तेव्हापासून त्याच्या तोंडून पुन्हा "हाय" आलं नाही.

रेवदंड्यात सहा मुलं आमच्याबरोबर आलेल्या सहायक मास्तरांच्या हाताखाली समुद्राकडच्या मनोऱ्यावर लागली. सरांनी स्वतःकडे एक वखार घेतली होती. वरचं बांधकाम पार पडलेलं, पण जमिनीखाली लांबच लांब कमानीचं दालन शाबूत होतं. भुयारच म्हणा ना. पाच पायऱ्या उतरायच्या आणि पुढे सरळ काळोख. माल ठेवायला असावं. त्या कामाला सरांनी मला आणि म्हात्रेला घेतलं.

पहिल्या दिवशी आम्ही वखारीच्या बाहेरच्या भिंती मोजल्या. टेप धरायला दोन माणसं लागतात. एक शून्याचं टोक धरतो, त्याला पितळेची कडी असते. दुसरा ताण देऊन आकडा वाचतो. म्हात्रे शून्यावर, मी आकड्यावर. संध्याकाळी आमच्या मुक्कामाच्या धर्मशाळेत मापं कागदावर मांडली तर भिंती एकमेकांना मिळेनात. तीन फुटांचा फरक. सरांनी विचारलं, "हे कोणाचं?"

माझं होतं. एकोणीसच्या जागी मी सोळा वाचलं होतं, आणि कागद बघताक्षणी ते माझ्या ध्यानात आलं होतं. मी म्हणालो, "शून्याचं टोक सरकलं असेल, सर."

म्हात्रेने माझ्याकडे पाहिलं. तीन फूट टोक सरकत नाही, हे त्यालाही कळत होतं आणि सरांनाही कळायला हवं होतं. सर त्याला म्हणाले, "म्हात्रे, फावडं धरायला मिठागर आहे. टेप धरायला माणूस लागतो." आम्ही जेवून उठेपर्यंत त्याला उभं ठेवलं. मुलं खाली मान घालून हसत होती. मी चार पोळ्या खाल्ल्या, हेसुद्धा मला आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही भुयारापाशी आलो. पायऱ्यांपासून टोकाच्या भिंतीपर्यंत टेपची एक मूळ रेषा ताणून ठेवायची आणि तिच्यापासून दोन्ही बाजूंच्या कमानी, कोनाडे फुटाफुटाने मोजत जायचं, असं ठरलं. माझ्याकडचं टोक खुंटीला बांधायचं. पलीकडे भिंतीत खुंटी ठोकता आली असती. पण सर म्हणाले, खुंटी नको, म्हात्रे धरून उभा राहील. काल सरकलं ते आज सरकणार नाही. रेषा हलली तर सगळं काम पहिल्यापासून.

म्हात्रेने कंदील मागितला. सरांनी विचारलं, उभं राहायला उजेड कशाला हवा? कंदील पायऱ्यांच्या वर माझ्या कागदांपाशी ठेवला गेला. तो अनवाणी होता — पायऱ्यांवर शेवाळ म्हणून चपला वर काढून ठेवल्या होत्या. कडी हातात घेऊन तो आत चालत गेला. पंधरा-वीस फुटांपर्यंत त्याचा पांढरा सदरा दिसला, मग तोही दिसेना. टेप माझ्या हातातून सरसर सुटत होता. मध्ये एकदा थांबला. मिनिटभर थांबला असेल. मी समजलो चाचपडतोय. मग पुन्हा चालू झाला, आधीपेक्षा जरा जलद, आणि एकसष्ट फूट तीन इंचांवर अडकला.

मी ओरडून विचारलं, "भिंतीला लागलं का?"

आतून आवाज आला, "हाय."

मला हसू आलं. सरांकडे बघून म्हणालो, काळोखात गेल्याबरोबर गावची भाषा बाहेर आली बघा. सरही हसले. मी टेपला एक हिसका दिला. ठरल्याप्रमाणे पलीकडून एक हिसका आला. टेप सतारीच्या तारेसारखा ताठ झाला आणि मी कामाला लागलो.

पाऊण तास झाला असेल. वाडीच्या बाजूने एक माणूस धावत आला. कमरेला पंचा, हातात कोयता, माडावरून उतरल्यासारखा. त्याचं नाव राघो, हे नंतर कळलं. शेजारच्या वाडीतल्या माडांचं काम तो करायचा.

"साहेब, तुमचा पोऱ्या आमचे पडवीत पडलाय. पान लागलंय त्याला. मोटार द्या, अलिबागला न्हेतो."

सरांना वाटलं, पान खाऊन कोणाला तरी चक्कर आली. मी सांगितलं की सर, इकडे साप चावला त्याला पान लागलं म्हणतात, नाव घेत नाहीत. माझं आजोळ चौलचं, म्हणून मला ठाऊक. सरांनी विचारलं, आपला कोण? मनोऱ्यावरची मुलं तर समोर दिसत होती, सहाच्या सहा, माथ्यावर टोप्या हलत होत्या. मी होतो. राहिला म्हात्रे.

"म्हात्रे!" मी हाक मारली.

"हाय."

लगेच. जराही वेळ नाही. मी टेपला हिसका दिला आणि तिकडून हिसका आला. सरांनी तो खुंटीपाशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. ते राघोला म्हणाले की आमची मुलं सगळी जागेवर आहेत, तुझ्या गावातल्या कोणाला चावला असेल तर गाडी जुंप. राघो म्हणाला बैल चौलला गेलेत, गावात दुसरी गाडी आता न्हाय, मोटार उभीच हाय तर... सरांनी हात उचलून त्याला थांबवलं. "गावात कोणाला काय चावलं की आमची मोटार? आणि सकाळीच माडी घेतलीयस का?"

राघो माझ्याकडे बघत राहिला. मला त्याची बोली कळत होती हे त्याला कळलं होतं. मी कागदावर मान घातली.

मला तेव्हा काय वाटलं, खरं सांगतो. काही वाटलं नाही. म्हात्रे आत होता. मग दुसरा कोणी असेल. दुसरा कोणी असला तरी मोटार रिकामी होती, हा विचार आला... आणि गेला. सर खूश होते, काम नीट चाललं होतं.

अर्ध्या-पाऊण तासाने तो पुन्हा आला. या वेळी कोयता नव्हता. धापा टाकत होता. म्हणाला, पोऱ्याचे डोळे मिटत चाललेत, पापणी उचलवत न्हाय. वैदू येऊन झाडपाला लावून गेला, त्याचं काय चालत न्हाय. "तो टेप टेप म्हंतो साहेब. टेप म्हंजे काय ते आमाला ठावं न्हाय."

मी उठून पायऱ्या उतरलो आणि काळोखात वाकून म्हटलं, "हिराजी, तूच आहेस ना?" दीड वर्षात मी त्याला पहिल्यांदा नावाने हाक मारली असेन.

थोडा वेळ काहीच नाही. मग, "हाय." आवाज दमलेला होता. पण होता त्याचाच. मी टेपवर बोट ठेवलं, तर तो थरथरत होता. बराच वेळ हात वर धरल्यावर थरथरतो तसा.

मी वर येऊन सरांना सांगितलं, आत आहे, दमलाय, जरा सोडूया का त्याला? सर म्हणाले, अकरा फुटांपर्यंत आलायस, वीस होऊ देत, मग सोडू. राघोला त्यांनी सांगितलं की पुन्हा आलास तर पाटलाकडे तक्रार करीन. राघोने हात जोडले. मग जोडलेले हात तसेच ठेवून तो मागे फिरला.

मी वीस फूट पुरे केले. दीड तास लागला. मध्ये दोनदा-तीनदा हाक मारली, दर वेळी उत्तर आलं. दर वेळी जरा उशिरा.

दुपारी बाराच्या आसपास राघोची बायको आली. तिचं नाव भागी. पदराखालून एक लाकडी फूटपट्टी काढून तिने सरांपुढे धरली. पट्टीच्या मागे चाकूने कोरलेलं होतं — हि. ब. म्हात्रे. सकाळी ती त्याच्या खिशात होती. आत जाताना मी पाहिली होती.

सर म्हणाले, चोरली असेल. पण आवाजात जोर नव्हता. मी कंदील उचलला.

पायऱ्या उतरून टेपला धरून मी आत चालत गेलो. टेप ताठ होता. अगदी ताठ. मी हाका मारत होतो आणि आता उत्तर येत नव्हतं, पण माझ्या मुठीतून जाणारा टेप पलीकडून कोणीतरी धरलेला होता, हे मी कुठल्याही देवाची शपथ घेऊन सांगेन, आणि मी देव मानत नाही. जमिनीवर वटवाघळांच्या विष्ठेचा बोटभर थर होता. त्यात म्हात्रेच्या अनवाणी पावलांचे ठसे स्पष्ट होते. तीसेक फुटांवर ठसे विस्कटले. तिथे डाव्या हाताला भिंतीचे दगड ढासळून माणूस सरपटत जाईल एवढं भोक पडलेलं होतं, बाहेर उतारावर उघडणारं, मुळ्यांनी आणि वेलींनी झाकलेलं. ठसे त्या भोकाकडे वळले होते. कोपरांचे, गुडघ्यांचे.

त्याच्या पुढे एकही ठसा नव्हता.

टेप मात्र पुढे जात होता. छातीच्या उंचीवरून, आडवा, तसाच ताठ, त्या कोऱ्या जमिनीवरून काळोखात. मी कंदील वर केला. उजेड हळूहळू पुढे सरकला, समोरची भिंत उजळली. तिच्यापुढे कोणी नव्हतं. आणि त्याच वेळी टेप सैल पडला. कडी दगडावर वाजली.

मी त्या भोकातूनच बाहेर पडलो. सदरा फाटला, पाठ सोलली. राघोची वाडी तिथून दोनशे पावलांवर होती. दोनशेच. पोचलो तेव्हा पडवीत म्हात्रेला चटईवर निजवलेलं होतं आणि राघो त्याच्या डोळ्यांवर हात फिरवत होता. नुकताच गेला होता. अंग ऊनच होतं. उजव्या घोट्यावर दोन बारीक टिपके.

भागी माझ्या मागोमाग आली. ती उंबऱ्यावर बसली आणि सांगू लागली. माझ्याकडे न बघता सांगत होती. विहिरीवर गेली तेव्हा हा पोर वेलींतून सरपटत बाहेर आला. तेव्हा चांगलं बोलत होता. पहिलं काय बोलला? "सरांना सांगू नका, टेप सुटला माझ्या हातनं." तरी तिने नवऱ्याला पाठवलं. मग हळूहळू जीभ जड झाली, पाणी गिळेना, मान टाकली. सगळं अंग कापडासारखं ढिलं. पण उजव्या हाताची मूठ... ती उघडेना. राघोने बोटं सोडवायला बघितली, सुटली नाहीत. हात कशाला तरी धरल्यासारखा छातीपुढे ताठ.

"आन् मधीच म्हनायचा, हाय." भागी म्हणाली. "कोनी हाक मारलीसारखा. आमाला कोनाची हाक ऐकू येत नव्हती. पानी घे म्हटलं तर बोलत नव्हता, आन् मधीच साफ म्हनायचा, हाय. शेवटाला लई जीव काढून म्हनायचा."

मी विचारलं, मूठ कधी सुटली?

"आता. मी त्या पट्टीला घेऊन तुमच्याकडं गेले तवा धरलेली व्हती."

राघोने मान हलवली. तो एकटाच त्याच्यापाशी होता. म्हणाला, मूठ सुटली आन् गेला.

पुढचं सांगायला मला जास्त जड जातं, कारण त्यात भुताखेताचं काहीच नाही.

दुपारी फौजदार आला. त्याच्या आधी तासभर सरांनी मला धर्मशाळेत समोर बसवलं आणि जबाब कसा द्यायचा ते सांगितलं. म्हात्रे परवानगीशिवाय काम सोडून गेला. बारा वाजेपर्यंत आम्हाला कोणी काही कळवलं नाही. सर शांत होते. म्हणाले, तू जे ऐकलंस ते लिहून दे हवं तर. वेड्यांच्या इस्पितळात जाशील. आणि माणूस दोनदा आला होता असं लिहिलंस, तर त्याला हाकलण्याआधी आत कोण आहे याची खात्री तूच दिली होतीस, तेही लिही.

मी सही केली.

राघोला चौकीवर नेलं. मुलगा पडवीत मरत असताना तीन तास कोणाला कळवलं का नाही, म्हणून. तो सांगत राहिला की दोनदा गेलो होतो. दोन शिकलेल्या माणसांचा जबाब समोर होता. त्याला दोन दिवस ठेवलं, आणि नुसतं बसवून ठेवलं नाही.

म्हात्रेचा बाप दुसऱ्या दिवशी शिडाच्या मचव्यातून आला. हातापायांना मिठाने चिरा पडलेल्या. सगळं उरकेपर्यंत तो रडला नाही. मग सरांसमोर येऊन म्हणाला, "काम पुरं केलान ना त्यानं, मास्तर?"

सर म्हणाले, "हो. पूर्ण केलं."

बापाने त्यांना वाकून नमस्कार केला. मग मलाही केला.

निघण्याआधी मी एकट्याने दोन कंदील घेऊन भुयार पुन्हा मोजलं. या वेळी पलीकडे खुंटी ठोकली. एकसष्ट फूट तीन इंच. एका सुताचाही फरक नाही. वखारीचं ड्रॉइंग पुढे बरीच वर्षं आमच्या शाळेच्या जिन्यात लावलेलं होतं. कोपऱ्यात दोन नावं — सरांचं आणि माझं.

मी या गोष्टीचा विचार केला नाही असं नाही. टेप भोकाजवळच्या मुळ्यांत अडकला असेल. पण मुळ्या होत्या तिसाव्या फुटावर, आणि आकडा आला एकसष्टचा. आवाजाचा प्रतिध्वनी असेल. पण मी "म्हात्रे" म्हटलं तर प्रतिध्वनी "म्हात्रे" म्हणेल. भोकातून पडवीतला आवाज आत येत असेल, हेही मी धरून पाहिलं. निघण्याआधी राघोच्या पडवीत एका माणसाला उभं करून ओरडायला लावलं होतं. भुयारात काही ऐकू आलं नाही. पुढे एका डॉक्टर मित्राला सर्पदंशाबद्दल विचारलं. तो म्हणाला की अशा विषात स्नायू ढिले पडतात, मूठ आवळलेली राहणं शक्य नाही. मग म्हणाला, तुझ्या आठवणीत घोळ असेल. असेलही. पण त्या जबाबावर मी सही केली तेव्हा घोळ नव्हता.

स्वातंत्र्य मिळून दहा-बारा वर्षं झाल्यावर एका अशिलाबरोबर चौलला प्लॉट बघायला गेलो. त्याला तिथेच सोडून मी रेवदंड्याला गेलो. वखारीवर कोणीतरी मातीचा भराव घालून पोफळी लावल्या होत्या. राघो नव्हता, चार वर्षांपूर्वी वारला होता. भागी अंगणात सुपाऱ्या सोलत बसली होती. पार म्हातारी. मी नाव सांगितलं नाही. तिने मान वर केली, बघितलं, आणि पुन्हा सोलायला लागली. मग म्हणाली, "टेपवाले."

मी खाली बसलो. माफी मागायची म्हणून वाक्य तयार करून आणलं होतं, ते काही तोंडातून निघेना. तिनेच विचारलं.

"आता आमचा मानूस न्हाय. सर्कार न्हाय, फौजदार न्हाय. खरं सांगा. तो दोनदा आलेला ना तुमच्याकडं?"

"दोनदा," मी म्हटलं.

ती सोलायची थांबली. सांगू लागली की चौकीवरून आल्यावर गावात लोक कुजबुजायचे. पोराच्या अंगावरचं काहीतरी काढून घेतलं म्हणून राघो गप्प बसला, असं. पोरीच्या सोयरिकीला पाहुणे येऊन परत गेले. राघो शपथा घ्यायचा. पुढे पुढे घेईनासा झाला. "मी बी त्याला इचारलं येकदा," ती म्हणाली. "भांडनात. म्हटलं, खरंच गेला व्हतास का? त्यानंतर तो माज्याशी कधी नीट बोलला न्हाय. तसाच गेला."

मी समोरची एक न सोललेली सुपारी उचलून तिच्या सुपात टाकली.

मग तिने विचारलं, "पोर तर हितं पडवीत व्हता. मंग तुमच्या त्या टेपाला तिकडं कोन धरून व्हता?"

मी सांगितलं की मला माहीत नाही. तेव्हा नव्हतं, आजही नाही.

"तुमाला कायच माहीत न्हाय," ती म्हणाली. सूप उचललं, आत गेली, आणि दाराला आतून कडी घातली. मी उठून मोटारीकडे चालत गेलो.